शहापुरातलं एक मेडिकल आणि आईच्या चंचीतल्या गोळ्या

मी बेळगावच्या वडगावात ब्लाउज शिवते. अस्तर, रीळ, हुक आणायला महिन्यातून दोन-तीन वेळा शहापुरात जावं लागतं. ज्या मेडिकलबद्दल लिहायला बसले आहे ते तिथंच, खडेबाजारातून आत वळल्यावर एका बोळात आहे. नाव लिहिणार नाही. लिहू का म्हणून विचारलं तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "नको की. नाव बघून लोक लांबून इथं येतील, आणि आपल्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याला प्रश्न विचारायची सवय कुणालाच लागायची नाही." मला ते पटलं.

दुकान लहान आहे. पुढं काचेचा कट्टा, मागं जुनी लाकडी कपाटं, कोपऱ्यात फ्रिज, बाहेर एक बाकडं. पाटी कन्नडमध्ये, तिच्याखाली इंग्रजीत. बीपी बघायचं मशीन कट्ट्यावरच असतं आणि त्याचे पैसे घेत नाहीत. सूट विशेष मिळत नाही. तरी माझं माप आता वेगळं आहे. पूर्वी मी औषध मिळतं का, चार रुपये कमी करतो का, सुट्टे पैसे आहेत का, एवढंच बघायची. आता एकच बघते. दुखण्याची गोळी मागितली की कट्ट्यापलीकडचा माणूस काय विचारतो?

हे माप मला गेल्या वर्षी आईनं दिलं, म्हणून आधी तिचं सांगते.

आई ७४ वर्षांची. माहेर, सासर दोन्ही येळ्ळूरचं. राजहंसगडाच्या पायथ्याला आमचं थोडं भाताचं शेत आहे. पन्नास पावसाळे चिखलात वाकून तिनं भात लावला, आणि ते सगळे पावसाळे आता तिच्या गुडघ्यांत येऊन बसले आहेत. बीपी बारा वर्षांपासून. त्याची गोळी ती न चुकता घेते. गुडघ्यासाठी मात्र ती बसनं बेळगावला उतरली की स्टॉपजवळच्या एका मेडिकलमध्ये जायची. चंचीतून रिकामं पाकीट काढून दाखवायची, आणि तो माणूस तसलंच भरलेलं पाकीट तिच्या हातात द्यायचा. डायक्लोफिनॅक, ५० मिलिग्रॅम. दहा गोळ्या. पाकिटाच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही, असा त्या रेघेचा अर्थ. तीन वर्षांत त्या माणसानं एकदाही विचारलं नाही की आज्जी, तुम्हाला बीपी आहे काय? हृदयाचं काही आहे काय?

मलाही माहीत होतं. दोन-चार वेळा मीच आणून दिलं होतं. आई म्हणायची, "गोळी खाल्ली की दिवस जातोय बघ." ज्या माणसाचा दिवस जात नव्हता त्याचा दिवस जातो आहे म्हटल्यावर कोण हात धरणार?

गेल्या आषाढात लावणीला माणसं मिळेनात. आई बांधावर बसून तरी काम बघेन म्हणत रोज शेतात गेली आणि एकाच्या दोन गोळ्या झाल्या. श्रावणात पाय सुजले. गौरीला मी माहेरी गेले तेव्हा नडगीवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. चप्पल चढत नव्हती. रात्री ती आडवी होईना, भिंतीला पाठ लावून बसून झोपायची आणि खोकायची. आम्हाला वाटलं, पावसाळी खोकला. सूज गुडघ्यामुळं आली असेल, असं घरातले सगळेच म्हणालो. त्या रात्री मी तिला आणखी एक गोळी दिली. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो.

विसर्जनाच्या आदल्या रात्री तिला श्वास पुरेना. बेळगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी १८०/१०० होतं. फुप्फुसात पाणी साठलं होतं. लघवीवाटे पाणी काढायची इंजेक्शनं दिली, आणि पाच दिवसांत वजन ६१ वरून ५६ वर आलं. म्हणजे पाच किलो पाणी अंगात घेऊन ती गौरीच्या नैवेद्याचा स्वयंपाक करत होती.

दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चिठ्ठीवर नाहीत अशा कुठल्या गोळ्या घेता?" आई म्हणाली, "कुठल्याच नाही." ती खोटं बोलत नव्हती. बीपीची ती गोळी. गुडघ्याची तिच्या लेखी बामासारखी, दुखलं की घ्यायची. मी तिची चंची उलटी केली. सुपारी, चुन्याची डबी, अडकित्ता, आणि अर्धी संपलेली दोन पाकिटं. डॉक्टरीणबाईंनी पाकीट उजेडात धरलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, सगळा दोष या गोळीचा असं मी म्हणणार नाही. बारा वर्षांच्या बीपीनं हृदय आधीच दमलं होतं. खरं या माणसाला ही गोळी द्यायचीच नव्हती.

आई घरी आली तेव्हा चिठ्ठीवर सहा औषधं होती. मी स्टॉपजवळच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये गेले. त्यानं पाच दिली, सहावं नाही म्हणाला, आणि पिशवीत वरून डायक्लोफिनॅकचं एक पाकीट टाकलं. "आज्जींचं नेहमीचं." दवाखान्याचा कागद त्याच्या समोर होता. मी पाकीट परत केलं आणि पुन्हा त्या पायरीवर चढले नाही.

सहावं औषध शोधत शोधत मी शहापुरातल्या बोळात पोचले.

मॅडमनी चिठ्ठी वाचली. औषध काढायला न वळता मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "सांधेदुखीला काय घेतात आज्जी?" मी म्हटलं, बंद केलंय. "घरात शिल्लक आहे काय?" असेल. "मग पुढच्या वेळी घरातलं सगळं घेऊन या. डबे, पिशव्या, चंची, सगळं. आणि आज्जींनापण घेऊन या."

आठवड्यानं आम्ही दोघी गेलो. मॅडम गोकाककडच्या, घरात कन्नड, मराठी इथल्या गिऱ्हाइकांकडून शिकलेल्या. आज्जी हा शब्द दोन्हीकडं एकच, त्यामुळं आईला परकं वाटलं नाही. त्यांनी काचेवर वर्तमानपत्र पसरलं आणि आमच्या घरातल्या गोळ्या त्यावर वेगवेगळ्या केल्या. डायक्लोफिनॅक निघाली. माझ्या भावाच्या पाठीसाठी आणलेली असेक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि सूज उतरवायचं म्हणून आणखी एक औषध अशा तिघांची मिळून एक गोळी निघाली. जावयांचा पाय मुरगळला होता तेव्हाची एटोरिकॉक्सिब निघाली. आईनं तिन्ही खाल्ल्या होत्या, कधी ही, कधी ती. तिच्या दृष्टीनं ती तीन रंगांची एकच गोळी. मॅडम म्हणाल्या, "आज्जी बरोबर बोलतायत. नावं तीन, घराणं एकच."

पुढं त्यांनी जे समजावलं ते मला दवाखान्यातल्या पाच दिवसांतही कळलं नव्हतं. कुठं लागलं, सूज आली की शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचे निरोपे तयार करतं. दुखतंय हा निरोप तेच पोचवतात. गोळी त्यांचा कारखाना बंद करते, म्हणून दुखायचं थांबतं. पण त्याच जातीचे निरोपे दुसरीकडं चांगल्या कामावर असतात. जठराचं अस्तर राखतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीतून तयार होणारा एक वाहिनी मोकळी ठेवतो आणि रक्ताची गुठळी धरू देत नाही. मूत्रपिंडातले जास्तीचं मीठ आणि पाणी बाहेर सोडायला मदत करतात. गोळीला यातला फरक कळत नाही, ती सगळ्यांनाच गप्प करते.

आईला एवढं लांबलचक कळेना. तेव्हा मॅडमनी विचारलं, "भाताच्या शेतात पाणी जास्त झालं तर काय करता?" "बांधाला वाट काढून देतो." "त्या वाटेत कुणी चिखल लिंपला तर?" आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पाणी शेतातच तुंबतंय. रोप कुजतंय." मॅडमनी तिच्या पायाकडं बोट केलं. पुढं सांगितलं की मूत्रपिंडानं मीठ-पाणी अडवलं की बीपी चढतं आणि बीपीची गोळी घेतली तरी तिचं काम अर्धवट राहतं. आईची बीपीची गोळी दोनदा वाढवून झाली होती. कारण रोज चंचीतूनच येत होतं आणि आम्ही औषध बदलून मागत होतो. बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि वर ही दुखण्याची, असं तिहेरी झालं तर मूत्रपिंडावर घाव बसतो, हेही तिथंच कळलं. दवाखान्यात आईचं क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंड थकलं की रक्तात वाढणारा घटक, वाढलेलं निघालं होतं ते त्यामुळंच असावं, असं नंतर डॉक्टरीणबाईही म्हणाल्या. गोळी बंद झाल्यावर ते उतरलं.

इथं मला गिधाडं आठवतात. माझ्या लहानपणी मेलेल्या बैलावर गिधाडं उतरायची, आम्ही लांबून बघायचो. आता दिसत नाहीत. जनावरांना दुखण्यावर हीच डायक्लोफिनॅक टोचायचे. तसलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडली आणि देशातली बहुतेक गिधाडं संपली. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली. एका पक्ष्याची जात जवळजवळ संपवलेलं औषध आम्ही सुपारीशेजारी ठेवत होतो.

मॅडमना हा विषय एवढा लागतो याला कारण आहे. २००४ साली त्या बेळगावच्या कॅम्पातल्या एका मेडिकलमध्ये नोकरीला होत्या. तेव्हा रोफेकॉक्सिब नावाची गोळी जोरात चालत होती. जुन्या गोळ्यांनी पोटात जखमा होतात, रक्त पडतं, तसा त्रास हिचा कमी, म्हणून १९९९ पासून ती बाजारात आली होती. मोठ्या आतड्यातल्या गाठी तिनं टळतात का हे बघायला एक चाचणी चालू होती. त्यात दीड वर्षाच्या पुढं गोळी घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक आणि लकवा यांचं प्रमाण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. सप्टेंबरअखेरीस अमेरिकेतल्या मर्क कंपनीनं ती जगभरातून मागं घेतली. आपल्याकडं त्याच डिसेंबरात बंदी झाली आणि पुढच्या वर्षी तिच्या जातीची व्हाल्डेकॉक्सिबही गेली. "मी स्वतःच्या हातानं कपाटातून पाकिटं काढून खोक्यात भरली," मॅडम म्हणाल्या. "आदल्या दिवसापर्यंत त्याच हातानं विकत होतो. ज्यांना विकली त्यांचे चेहरे आठवत बसले."

तेव्हा सगळ्यांना वाटलं, नवी गोळी वाईट निघाली, जुन्या बऱ्या. तसं नव्हतं. २०१३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात शेकडो चाचण्यांची एकत्र मोजदाद आली. तिच्यात जुनी डायक्लोफिनॅकही हृदयाच्या बाबतीत नव्या गोळ्यांच्याच रांगेत बसली. रोज १५० मिलिग्रॅमसारख्या मोठ्या मात्रेत वर्षभर घेतली तर हजार माणसांमागं साधारण तिघांना जास्तीचा हार्ट अटॅक किंवा तसा आघात, आणि त्या तिघांतला एक जीवावरचा. हृदय कमजोर होऊन अंगात पाणी साठण्याचा धोका तर या घराण्यातल्या सगळ्याच गोळ्यांनी जवळजवळ दुप्पट होतो. आईचं झालं ते हेच. त्याच वर्षी युरोपात सांगितलं गेलं की हृदय कमजोर असलेल्यांना, अटॅक किंवा लकवा येऊन गेलेल्यांना, पायाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्यांना डायक्लोफिनॅक द्यायचीच नाही.

हजारात तीन हे ऐकून, नंतर एकदा सोबत आलेला माझा भाऊ म्हणाला, मग एवढं काय? मॅडमनी त्याला विचारलं, "हजार लोक कोण? तुमच्यासारखे धडधाकट, का आज्जींसारखे?" ज्याचं हृदय आधीच दुबळं, ज्याला बीपी, साखर आहे, जो सिगारेट ओढतो, त्याचा आकडा वेगळा. आणि वर्षभर घेतली तरच, असंही नाही. २०१५ साली अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, इशारा आणखी कडक केला, की धोका पहिल्या काही आठवड्यांतही सुरू होऊ शकतो, मात्रा जास्त तर धोका जास्त, आणि आधी हृदयाचं काही नसलेल्यालाही तो असतो. भाऊ गप्प बसला. त्याची तीन औषधांची गोळी त्यानं तिथंच ठेवली.

या दुकानातली मला सगळ्यात आवडलेली वस्तू विकत मिळत नाही. ती आहे एक चिठ्ठी. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा जाड कागद. वर मराठीत, खाली तेच कन्नडमध्ये, मॅडमच्या हातचं: "हृदय व बीपीचा त्रास आहे. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब, आयब्युप्रोफेन देऊ नये. गोळीही नको, इंजेक्शनही नको." इंजेक्शनाचं मुद्दाम लिहिलं आहे, कारण गावात कंबर धरली की आधी सुई टोचून घेतात आणि त्या सुईत काय होतं ते कुणी विचारत नाही. आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली. कन्नड तिला बोललेलं कळतं, वाचता येत नाही. आमच्या भागात सरकारी कागद कन्नडमध्ये, औषधाचा कागद इंग्रजीत. आपल्या जीवाबद्दलचं वाक्य आपल्या अक्षरात लिहून मिळणं ही काय गोष्ट आहे, ते बाहेरच्याला पटकन कळणार नाही. आईनं ती चिठ्ठी दोनदा मोठ्यानं वाचली.

एकदा मी बाकड्यावर बसले असताना साठीचे एक गृहस्थ आले. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, बसवलेला, रोज छोटी अॅस्पिरिन चालू. दाढ दुखत होती. आयब्युप्रोफेन द्या म्हणाले. दुसरीकडं हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत पाकीट कट्ट्यावर येतं. मॅडमनी अॅस्पिरिन कधी घेता विचारलं. मग सांगितलं, "रक्तातल्या बारीक पेशींवर अॅस्पिरिननं जाऊन बसायची एक जागा आहे. आयब्युप्रोफेन आधी गेलं तर ती जागा अडवतं. अॅस्पिरिन येतं, जागा नाही बघून तसंच निघून जातं. दाढ थांबेल, खरं तुमच्या स्टेंटची राखण कोण करणार?" पॅरासिटामॉलच्या चार गोळ्या दिल्या, दिवसात किती ते पाकिटावर लिहिलं आणि दातांच्या डॉक्टरांकडं आजच जा म्हणाल्या. ते गृहस्थ म्हणाले, अॅस्पिरिन म्हणजे पण दुखण्याचीच गोळी ना? होय, त्याच घराण्यातली. पण एवढ्याशा मात्रेत ती गुठळी धरू देत नाही, म्हणून हृदयवाल्यांना देतात. हे ऐकून मी स्वतःही चकित झाले होते. मनानं मात्र तीही सुरू करायची नाही आणि बंदही करायची नाही, असं मॅडमनी दोनदा बजावलं.

माझं स्वतःचं. दिवाळीच्या आधी रोज बारा-तेरा तास मशीनवर बसून मान आखडली. मला बीपी नाही. तरी मॅडमनी चिठ्ठीशिवाय काही दिलं नाही. डॉक्टरांनी नॅप्रोक्सेन लिहून दिली, पाच दिवस, जेवणानंतर, सोबत पोट सांभाळायची एक गोळी. या घराण्यात नॅप्रोक्सेनचा हृदयाला धोका कमी दिसला आहे, पण पोटाला ती सोडत नाही, म्हणून जोडीची गोळी, हे मॅडमनी सांगितलं. मोजून दहा गोळ्या दिल्या, अकरावी नाही. "आईला यातली देऊ नका हां, पाणी ही पण अडवते," हे मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. म्हणजे कोण कुणाची मुलगी हे त्यांना आठवत होतं.

आता ज्या गोष्टी मला अडचणीच्या वाटतात त्या. दुकान दुपारी दोन ते साडेचार बंद असतं आणि रविवारी फक्त सकाळी उघडं. तापाचं औषध हवं असलेल्या माणसाला ते परवडत नाही. मॅडम एकट्या, त्यामुळं पुढं तीन माणसं असली तर अर्धा तास धरून चाला. घाईत आलेली दोन-तीन माणसं वैतागून निघून गेलेली मी बघितली आहेत, आणि ती पुढच्या चौकात विनाचौकशी गोळी घेणार हेही मला ठाऊक होतं. साठा मर्यादित. आईचं एक औषध दर महिन्याला दोन दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. कट्ट्यावर सगळ्यांसमोर प्रश्न विचारले जातात, बायकांच्या तब्येतीचेही. एका आडोशाची सोय हवी. हे मी त्यांना बोलले आहे. जागाच नाही म्हणाल्या, आणि जागा खरंच नाही.

गोळीऐवजी काय मिळालं तेही सांगायला हवं, कारण गुडघे काही बरे झालेले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी पॅरासिटामॉल ठरवून दिली, दिवसाला किती त्याची हद्द घालून. पाण्यात फसफसणारी मागितली तर मॅडमनी दिली नाही. तिच्यात सोडियम असतं, म्हणजे आईला जे मीठ बंद केलंय तेच मागच्या दारानं. आणि डायक्लोफिनॅकचंच मलम, डॉक्टरांना विचारून. मला आधी भीतीच वाटली. गोळीनं एवढं झालं आणि पुन्हा तीच? पण मलमातलं औषध रक्तात फार थोडं उतरतं, गोळीच्या मानानं शंभरात साधारण सहा भाग. गुडघा कातडीच्या जवळ असतो, म्हणून तिथं लागू पडतं. कमरेत किंवा खुब्यात खोल दुखत असेल तर एवढं नाही. आईला मलमानं फरक पडतो, पण गोळीसारखा नाही. हे स्पष्ट लिहिते. गोळी घेतली की ती उठून चालू लागायची. मलम लावलं की ती म्हणते, जरा हलकं वाटतंय. सकाळी खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरायचा व्यायाम करते, एका पायाला दहा वेळा. काठी घेते. वजन रोज सकाळी वहीत लिहिते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा, असं दवाखान्यात सांगितलं आहे. गेल्या अकरा महिन्यांत तशी वेळ आली नाही. बीपी १३०च्या आसपास असतं, जुन्याच मात्रेच्या गोळीवर.

गेल्या सोमवारी आई कपिलेश्वराला गेली. गर्दीत फार वेळ उभी राहिली आणि गुडघा धरला. मला न सांगता ती एकटी शहापुरात गेली. मॅडमना म्हणाली, "एकच द्या. एकानं काय होतंय?" त्यांनी दिली नाही. बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, बीपी बघितलं, मलम लावून दिलं आणि मला फोन केला. मी कात्री टाकून गेले तर आई रागानं तोंड फिरवून बसली होती. रिक्षात म्हणाली, "दुखतंय मला, आणि नको म्हणतंय ती." मला काही बोलता आलं नाही. ती जे म्हणते ते खरं आहे. तिच्या वेदनेला आमच्याकडं अजून पुरं उत्तर नाही.

मंगळवारी तिला हाडाच्या डॉक्टरांकडं घेऊन जाणार आहे. मॅडमनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आईचं वजन, बीपी आणि क्रिएटिनीनचे जुने-नवे आकडे लिहून दिले आहेत, तारखांसकट.